अण्णांचे सहा गुंठे

रावेर तालुक्यात आमचं पाच एकर केळीचं शेत आहे. त्याच्या उत्तर टोकाला, नाल्याला लागून, सहा गुंठ्यांचा एक तुकडा होता. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्यात कधी औत घातलं नाही. एक म्हातारं जांभूळ, दोन हिवर, बोरींची जाळी, खाली रुई आणि पावसाळ्यात कमरेएवढं गवत. जांभळाच्या ढोलीत पिंगळ्याचं जोडपं असायचं. दिवेलागणीला ते ढोलीच्या तोंडाशी येऊन बसायचं आणि आम्ही पोरं बांधावरून त्यांच्याकडे टक लावून बघायचो. मुंगूस तिथून निघायचं, तितर तिथं घुसायचे. सरपणासाठी कुणी बोरी तोडायला लागलं की अण्णा लांबूनच ओरडायचे, "राहू दे ना! त्यायचं हाये ते."

'त्यायचं' म्हणजे कुणाचं, हे अण्णांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

2016 मध्ये अण्णा गेले. त्यानंतरच्या वर्षी ठिबकचा फिल्टर, मोटारीची खोली आणि केळीचे घड रचायला जागा हवी म्हणून दादाने जेसीबी बोलावला. सकाळी आठला मशीन आलं आणि साडेअकरापर्यंत तुकडा सपाट झाला. जांभूळ पडताना मोठा आवाज होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. ते आधी कलंडलं, थोडा वेळ तसंच थांबलं आणि मग मुळांसकट मातीवर टेकलं. सातबारावर माझंही नाव होतं. दादाने मला विचारलंही होतं. मी "बघ तुला ठीक वाटेल तसं" म्हणाले. त्या संध्याकाळी पिंगळ्याचं जोडपं विजेच्या तारेवर येऊन बसलं, बरोबर जिथं झाड होतं त्या जागेवर तोंड करून. तीन संध्याकाळ ते आलं. चौथ्या दिवशी आलं नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते युरोपचा एक आकडा वाचून. युरोपीय संघाने मे 2020 मध्ये 2030 सालापर्यंतचं जैवविविधता धोरण जाहीर केलं. त्यात दोन उद्दिष्टं आहेत. संघाच्या जमिनीपैकी आणि समुद्रापैकी किमान 30 टक्के भाग संरक्षित करायचा, आणि त्यातला एक तृतीयांश, म्हणजे एकूण 10 टक्के, कडक संरक्षणाखाली आणायचा. जी काही अस्पर्श, जुनी जंगलं शिल्लक आहेत ती तर सगळीच त्यात यायला हवीत. धोरण लिहिलं गेलं तेव्हा जमिनीवर 26 टक्के क्षेत्र कुठल्या ना कुठल्या नावाने संरक्षित होतंच. कडक संरक्षणाखाली मात्र फक्त 3 टक्के जमीन होती आणि समुद्राचा 1 टक्काही नव्हता.

तीन टक्के. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे, आणि दोनशेतले सहा म्हणजे बरोबर तीन टक्के. सातवी शिकलेल्या आमच्या अण्णांनी एका खंडाइतकंच राखलं होतं आणि आम्ही ते साडेतीन तासांत मोडलं.

मग मी पुढचा हिशोब मांडला. दहा टक्के म्हणजे वीस गुंठे, अर्धा एकर. पाच बाय पाचवर लावली तर अर्ध्या एकरात साधारण पावणेनऊशे केळी बसतात. पावणेनऊशे घड दरवर्षी सोडून द्यायचे, ते कुणासाठी, तर ज्यांची नावंही आपल्याला धड माहीत नाहीत त्यांच्यासाठी. हा प्रश्न दादा विचारेल आणि तो चुकीचा नसेल. युरोपात हाच हिशोब लाखो चौरस किलोमीटरचा आहे. संघाची जमीन साधारण 41 लाख चौरस किलोमीटर. तीन टक्क्यांवरून दहावर जायचं म्हणजे जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राएवढी जमीन नव्याने हात काढून घेऊन सोडायची. ज्या खंडाने शतकानुशतकं प्रत्येक दरी नांगरली, प्रत्येक टेकडीवर मेंढ्या चारल्या, त्याला हे सोपं जात असेल असं मी धरून चालत नाही. तिथले शेतकरीही ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. निसर्ग पूर्ववत करण्याचा कायदा जून 2024 मध्ये कसाबसा मंजूर झाला, तोही बराच पातळ होऊन.

कडक संरक्षण म्हणजे माणसाला बंदी, अशी आपली एक समजूत असते. त्या धोरणात तसं म्हटलेलं नाही. माणसाने तिथं पाऊल टाकू नये असा त्याचा अर्थ होतोच असं नाही, पण निसर्गाचं जे चाललंय त्यात त्याने ढवळाढवळ करू नये, एवढं नक्की. स्वित्झर्लंडने 1914 मध्ये आल्प्समध्ये राष्ट्रीय उद्यान केलं तेव्हापासून तिथं झाड तोडायचं नाही, गवत कापायचं नाही, शिकार करायची नाही आणि फिरायला गेलात तर आखलेली पाऊलवाट सोडायची नाही. शंभरावर वर्षं झाली.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट मला जर्मनीतल्या एका जंगलाने शिकवली. बव्हेरियाचं जंगल 1970 मध्ये जर्मनीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. 1983 मध्ये वादळात तिथली हजारो झाडं आडवी झाली. नेहमीची रीत म्हणजे पडलेलं लाकूड उचलायचं, विकायचं आणि नवी रोपं लावायची. पडलेल्या खोडांत कीड होते, ती उभ्या झाडांना लागते, म्हणून हे शहाणपणाचंही मानलं जायचं. त्यांनी उद्यानाच्या गाभ्यातलं लाकूड जागेवरच राहू दिलं. पुढे नव्वदच्या दशकात खरोखरच सालीतल्या भुंगेऱ्यांनी हल्ला केला आणि डोंगरच्या डोंगर करडे पडले. आजूबाजूचे गावकरी संतापले. ज्या जंगलात त्यांचे आजे-पणजे लाकूडतोडे होते, ते डोळ्यांदेखत वाळताना बघायचं आणि वर सरकारी माणसाने सांगायचं की काही करू नका! उद्यानाचे प्रमुख हान्स बिबेलरीथर एकच वाक्य धरून राहिले, निसर्गाला निसर्ग राहू द्या. आज त्याच वाळलेल्या खोडांच्या मधून तरणं जंगल उगवलंय, आणि ते आधीच्या एकसुरी स्प्रूसच्या, म्हणजे एकाच जातीच्या सूचिपर्णी झाडांच्या, रानापेक्षा मिश्र आहे.

राहू द्या. हे वाचलं तेव्हा मला बांधावरून ओरडणारे अण्णा ऐकू आले.

पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर बियावोव्हिएझा नावाचं जंगल आहे. युरोपच्या सपाटीवर पूर्वी जे अरण्य पसरलेलं होतं त्याचा हा उरलेला मोठा तुकडा. 1919 मध्ये तिथला शेवटचा रानटी गवा, युरोपचा बायसन, मारला गेला. प्राणिसंग्रहालयांत थोडे उरले होते, त्यातल्या अवघ्या बारा जनावरांपासून वंश पुन्हा वाढवला आणि 1952 मध्ये पहिले गवे जंगलात सोडले. असं हे जंगल, तरीही 2016 नंतर पोलंड सरकारने किडीचं कारण देऊन तिथं मोठी तोड वाढवली. एप्रिल 2018 मध्ये युरोपच्या न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. जागतिक वारसा असलेलं, नकाशावर चार-चार रंगांनी राखलेलं जंगलसुद्धा एका सरकारी आदेशाने करवतीखाली जाऊ शकतं. म्हणून त्या 26 टक्क्यांपेक्षा मला 3 टक्क्यांचा आकडा महत्त्वाचा वाटतो.

आणि आपल्याकडे?

खान्देशात राहणाऱ्या माणसाला उत्तरेकडे बघितलं की सातपुडा दिसतो. त्याच्या कुशीत यावल अभयारण्य आहे, साधारण पावणेदोनशे चौरस किलोमीटरचं, 1969 साली घोषित झालेलं. शिरपूरकडे अनेर धरणाचं अभयारण्य, दक्षिणेला चाळीसगावच्या अंगाला गौताळा. गेल्या एप्रिलमध्ये मी पालच्या बाजूने यावलच्या जंगलात गेले. सोबत पावरा या आदिवासी जमातीतले एक गृहस्थ होते, माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील. ते मला बाई म्हणतात, मी त्यांना दादा.

वाटेत एका उताराला वाळलेली सालई उभी होती. फांद्या गेलेल्या, नुसता खांब. मी तिच्याजवळ अर्धा तास बसले. बुंध्याच्या पश्चिम अंगाला वाळवीने मातीचा पापुद्रा चढवलेला, त्यावर मुंग्यांची ये-जा. दोन पुरुष उंचीवर सुतार पक्ष्याने पाडलेली तीन भोकं, वरचं ताजं, पांढरट भुसा अजून खाली सांडलेला. सालीच्या एका ढलपीमागे पालीसारखं काही सरकलं, मग कोळ्याचं जाळं हललं. मुळाशी, जिथं खोड कुजून भुगा झालं होतं, धावड्याची वीतभर दोन रोपं. आजूबाजूच्या तापलेल्या मुरमावर कुठंही दुसरं हिरवं पान नव्हतं. मेलेल्या झाडाच्या अंगाखांद्यावर जेवढी हालचाल होती तेवढी त्या उतारावरच्या एकाही जिवंत झाडावर मला दिसली नाही.

तिथून दीड-दोनशे पावलांवर आणखी एक वाळलेलं झाड होतं, अंजनाचं. त्याच्या बुंध्याभोवती हातभर रुंदीची साल कुऱ्हाडीने तासून काढलेली. असं केलं की झाड पाडावं लागत नाही, ते उभ्या-उभ्या वाळतं. त्याच्या पलीकडे अशीच पाच, आणि त्यांच्या पलीकडे नांगरलेला तुकडा, वर ज्वारीची धसकटं.

दादा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, हे मी नाही केलं. पण करणारा माझ्या नात्यातलाच आहे." पुढे त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांच्या आज्यापासून कसत असलेली तीन एकर जमीन, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली टाकलेला दावा, त्याची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. कायद्यात 13 डिसेंबर 2005 ही तारीख आहे, त्या आधीपासून कसत असलेल्याला हक्क मागता येतो. नंतर जंगल तोडून केलेल्या शेताला नाही. "आमचा दावा कितीतरी वर्षं पडून आहे," ते म्हणाले. "आणि बाहेरून आलेले रातोरात झाडं वाळवतात आणि म्हणतात, आम्हीपण जुनेच. मग साहेब लोक आम्हा दोघांना एकाच नजरेनं बघतात."

हे ऐकल्यावर मला माझी मतं जरा तपासावी लागली. कडक संरक्षण हवं, असं मी ठामपणे म्हणते. यावलचा गाभा आणखी तुटला तर काही शिल्लक राहणार नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ज्याचा हक्क जुना आहे त्याला तो लेखी, पक्का मिळाल्याशिवाय हद्द ठरत नाही, आणि हद्द ठरत नाही तोवर चोराला आडोसा मिळत राहतो. दादांचा दावा निकालात काढणं हे जंगल वाचवण्याच्या कामातलंच पहिलं काम आहे. युरोपात हात काढून घ्यायचा असतो तो बहुतेक वेळा वनखात्याने आणि लाकूड कंपन्यांनी. आपल्याकडे त्या जागेत माणसं राहतात, मोह वेचतात, डिंक काढतात. त्यांना न विचारता आखलेली रेघ पहिल्याच पावसाळ्यात पुसली जाते.

आणि पक्षी तरी माणसांना इतके टाळतात का? याचं उत्तर खान्देशातल्याच एका पाखराकडे आहे.

रानपिंगळा. आमच्या जांभळातल्या पिंगळ्याचा जंगली भाऊबंद, डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, शेपटीवर ठसठशीत पट्टे, दिवसाढवळ्या शिकार करणारा. 1873 मध्ये पक्षी अभ्यासक ए. ओ. ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढच्या दशकात खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने इथले काही नमुने जमवले. 1884 नंतर मात्र पक्षी कुणालाच सापडला नाही. एकच अपवाद होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपण एक मिळवल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे शोध घेणाऱ्यांची पावलं तिकडे वळायची आणि रिकामी परतायची. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळलं की तो संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला, डेव्हिडसननेच जमवलेला पक्षी होता. खान्देशचं पाखरू, त्याच्या पायाला गुजरातची चिठ्ठी.

ती खोटी चिठ्ठी बाजूला केल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा शोधत निघाले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, सकाळच्या उन्हात एका फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. 113 वर्षांनी. तो कुठे गेलेलाच नव्हता. भिल्ल आणि पावरा गुराखी त्याच्या झाडाखालून गुरं नेतच असणार.

नंतर मेळघाटात, यावलमध्येही त्याची नोंद झाली. त्याला विरळ, कोरडं सागाचं रान लागतं, आणि घरट्यासाठी म्हातारी, ढोली असलेली झाडं. मला खिळवून ठेवतो तो हा शेवटचा भाग. रोपं लावून ढोली तयार होत नाही. शंभर वर्षं झाड उभं राहावं लागतं, मग त्याची एखादी फांदी मोडावी लागते, जखम कुजावी लागते, सुतार पक्ष्याने ती कोरावी लागते. पावसाळ्यात मंत्री येऊन लाखो रोपं लावतात, त्यातलं एकही आपल्या हयातीत रानपिंगळ्याला घर देणार नाही. ते घर फक्त राहू दिलेल्या झाडातच होतं.

एक मात्र खरं, की नुसते तुकडे राखून भागत नाही. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला गळपट्टा लावलेला वाघ शेतं, रस्ते, नद्या ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, आणि 2021 मध्ये दुसरा एक थेट गौताळ्यात उगवला. शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात, वढोद्याच्या जंगलालगत, वाघ केळीच्या बागांत विसावा घेतात. केळीत गारवा असतो, पाणी असतं. डोलारखेड्याच्या बाजूला घड कापायला जाणारी माणसं आधी हाकारा देतात. ती जंगलाची जमीन नाही, पण ती वाट मोडली तर दोन्हीकडची जंगलं एकेकटी पडतात.

दादाशी, म्हणजे माझ्या भावाशी, मी हे सगळं बोलले. तो ऐकून घेतो, पण त्याला पाण्याचंच बोललेलं पटतं, म्हणून पाण्यावर आले. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जो जाड पट्टा आहे, त्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात. सुकी, मोर, अनेर या नद्या डोंगरातून उतरतात आणि त्यांचं पाणी या पट्ट्यात मुरून आमच्या विहिरींना येतं. रावेर-यावलची केळी त्या पाण्यावर उभी आहे. वरचं जंगल गेलं की पाणी मुरायच्या आत वाहून जातं. अण्णांची विहीर साठ फुटांची होती. आम्ही तिच्या तळातून बोअर घेतलं, मग दुसरं, मग बांधावर तिसरं. तिसऱ्याला सातशे फुटांवर ओल लागली. दादा त्या दिवशी यंत्राजवळ उभा होता, पाईपातून येणारी पिठासारखी कोरडी माती हातात घेऊन.

फार बोललो नाही. या जूनमध्ये लावणीच्या वेळी तो म्हणाला, "वीस गुंठे नाही परवडणार. दहा सोड."

दहा म्हणजे पाच टक्के. मोटारीची खोली आहे तिथंच आहे, पण तिच्या पलीकडे नाल्यापर्यंतचा पट्टा आम्ही लावला नाही. ट्रॅक्टरवाल्या मुलाने टोकाला येऊन मशीन थांबवलं आणि विचारलं, "ताई, एवढं राहिलं का?" मी राहू दे म्हटलं. त्याने तेवढ्या तासाचे पैसे कमी घेतले.

आता तिथं तरोटा आणि रुई आहे. जेसीबीने बोरी काढल्या, पण एका जागी मूळ राहिलं असावं, तिथून चार फुटवे आलेत. जांभळाचं काहीच नाही. शेजारचे नाना परवा बांधावर येऊन उभे राहिले. त्यांचा मका आहे पलीकडे. "बाई, यात डुकरं लपतील," ते म्हणाले. नानांचं म्हणणं खोटं नाही, मागच्या वर्षी त्यांचं अर्धं शेत डुकरांनी लोळवलं होतं. मी त्यांना चहाला बोलावलं. ते म्हणाले, मका निघाला की येतो.